जिना नसलेलं घर

सोलापुरातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारी कार्यकर्ती म्हणून हे प्रकरण मी एकदा बंद केलं होतं. अहवाल लिहिला, सही केली, फाइल कपाटात गेली. ती पुन्हा उघडावी लागली तेव्हा सहा वर्षांचा एक मुलगा सोलापूर स्टेशनच्या फलाटावर सापडलेला होता.

मुलांची नावं, वस्ती, शाळा, गाव यांतलं काहीही इथे येणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ तसं बंधन घालतं, आणि कायदा नसता तरी मी ते लिहिलं नसतं. ओळख पटेल असे आणखीही काही तपशील बदलले आहेत. मुलांचा उल्लेख घरातल्या क्रमानेच करते. थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा, आणि धाकटी पहिल्या नोंदीच्या वेळी अकरा महिन्यांची.

घर पूर्वभागातलं. पत्र्याची एक खोली, पुढे जेमतेम एक माणूस पाय पसरून बसेल एवढा ओटा, आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. वडील त्याच भागातल्या दुसऱ्या एका कारखान्यात मागावर होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास. आई घरी विड्या वळायची. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे दृश्य वेगळं सांगावं लागत नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला दोरा, आणि बाईची नजर दिवसभर सुपात. हात बसलेल्या बाईलाही हजार विड्या वळायला अख्खा दिवस जातो. कुटुंब दुष्काळी तालुक्यातून आलेलं, मराठी बोलणारं. आजूबाजूची बहुतेक घरं तेलुगू. शहरात नात्याचं माणूस एकही नाही. या शेवटच्या गोष्टीला माझ्या पहिल्या अहवालात मी अर्धी ओळ दिली होती.

पहिली नोंद जुलैतली, शाळेची. पहिलीच्या वर्गातला मुलगा बाकावर टेकून बसेना. बाईंनी जवळ बोलावलं तेव्हा चड्डीच्या कडेखाली वळ दिसले. दोन समांतर रेषा आणि टोकाला गोल वळसा. दुमडलेल्या वायरीने मारलं की कातडीवर असाच वळ उठतो. पडून, आपटून, खेळताना खरचटून तो कधीच उठत नाही. बाईंना हे माहीत नव्हतं, पण त्यांनी एक फार मोलाचं काम केलं. तो वळ जसा दिसला तसा हजेरीवहीच्या मागच्या पानावर पेनाने काढून ठेवला आणि खाली तारीख टाकली. वर्षभराने ते पान मी पाहिलं. पाच नोंदींमध्ये इतका स्वच्छ पुरावा दुसरा नव्हता.

शाळेने चौकीत कळवलं. वडिलांना बोलावलं, समज दिली, हमीपत्र लिहून घेतलं. "मुलगा हट्टी असल्याने रागाच्या भरात मारले. यापुढे असे होणार नाही." खाली वडिलांची सही. आई सोबत होती, पदर तोंडाशी धरून रडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मारलं का, असं विचारल्यावर वडील म्हणाले होते, "रोज अंथरुणात करतोय, मुद्दाम करतोय." हे बाईंच्या लक्षात राहिलं, हमीपत्रात आलं नाही.

दुसरी नोंद ऑक्टोबरची आणि ती मधल्याची नाहीच. अंगणवाडीत धाकटीचं वजन घेतलं तर ती तीव्र कुपोषित निघाली. तिला आईसोबत पोषण पुनर्वसन केंद्रात भरती केलं. तिथला मुक्काम साधारण १४ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी आई सही करून मुलीला घेऊन घरी आली, कारण घरी दोन मुलं होती आणि विड्यांची मजुरी बुडत होती. सेविकेने आपल्या वहीत लिहिलं होतं, "आई बोलत नाही. विचारलं तर भिंतीकडे बघते." ही वही आरोग्य आणि पोषणाच्या वाटेने वर गेली. मधल्याची वायर पोलिसांच्या वाटेने गेली होती. एकाच दहा बाय बाराच्या खोलीतल्या दोन मुलांची दुखणी दोन खात्यांत वाटली गेली आणि दोन्ही खात्यांनी आपापलं काम पूर्ण केलं.

तिसरी नोंद जानेवारीची. संक्रांतीचे दिवस, सिद्धेश्वरांची यात्रा भरलेली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या तेलुगू आजींनी नातवाकरवी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन लावला. "पोरगं कवापासनं रडलालंय, दाराला भायेरनं कडी हाय." मी नंतर त्यांना विचारलं, आजी, इतके दिवस आवाज येत नव्हता का? त्यांनी शेजारच्या कारखान्याकडे बोट केलं. माग चालू असताना त्या खोलीतलं काहीच ऐकू येत नाही. यात्रेसाठी माग बंद होते म्हणून त्या रात्री रडणं ऐकू आलं. त्या वस्तीत मी किती घरभेटी केल्या असतील, आणि प्रत्येक वेळी त्या खडखडाटात मोठ्याने बोलत होते. त्या आवाजाआड काय झाकलं जात असेल हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण झालेलं. आई मार खाऊन माहेरी निघून गेली होती. वडिलांनी तिन्ही मुलांना आत ठेवून बाहेरून कडी लावली आणि ते पिऊन कुठेतरी पडले होते. मुलांना २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर केलं. पुढचा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं, आणि सहा वर्षांखालच्या बाळांसाठी शिशुगृह वेगळं. त्यामुळे घरातून एकत्र निघालेली तीन भावंडं तीन ठिकाणी गेली. थोरली धाकटीला कडेवरून सोडेना. तिच्या हाताची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मीच सोडवली.

गृहचौकशीचं काम मी तेव्हा काम करत होते त्या संस्थेकडे आलं. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. मी दोनदा घरी गेले. आई परतली होती, वडील पाया पडत होते. माझ्या अहवालातली ओळ जशीच्या तशी देते. "घर पत्र्याचे, एक खोली. घर स्वच्छ व नीटनेटके. भांडी घासून मांडलेली. पालकांना पश्चात्ताप झालेला आहे." शिफारस अशी की मुलं समुपदेशनाच्या अटीवर पालकांच्या ताब्यात द्यावीत. संस्था हा शेवटचा पर्याय, कुटुंब पहिला, हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मधलं तत्त्व मला पाठ होतं. त्याच कलमात सुरक्षिततेचं तत्त्वही आहे. ते मी गृहीत धरलं. समितीने माझ्या अहवालावर भरवसा ठेवला. वडिलांनी पुन्हा हमीपत्र दिलं. फेब्रुवारीत तिन्ही मुलं घरी गेली.

चौथी नोंद त्यानंतर एकोणिसाव्या दिवशीची. मधल्याचा डावा हात मोडला. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दोन दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून." ही चिठ्ठी मला एप्रिलमध्ये मिळाली. पाठपुराव्याच्या भेटीला गेले तेव्हा हाताला प्लास्टर दिसलं, म्हणून विचारलं. थोरलीने लगेच पत्र्याच्या पेटीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जिन्यावरनं पडला, ताई. आता बरं हाय." मी चिठ्ठी फाइलला लावली. आदल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, घर पत्र्याचे, एक खोली. शाळाही बैठी. मी ज्या ओट्यावर बसून चहा घेतला तो वीतभर उंच. कुठला जिना, हे मी विचारलं नाही.

पाचवी नोंद जूनची. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा शाळा बंद. ज्या एका जागी त्या मुलाच्या अंगाकडे रोज कुणीतरी मोठं माणूस बघत होतं, ती जागा दीड महिना बंद होती. पारा ४२ च्या वर, पत्र्याखाली दुपारी थांबवत नाही, रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपायला धडपडतोय. शाळा उघडून आठवडा झाला तरी मधला आला नाही. बाईंनी मला फोन केला. त्याच दिवशी रेल्वे पोलिसांना तो फलाटावर दिसला. कुठे चाललास, असं विचारल्यावर त्याने गावाचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, "रिमांडला जायचंय."

आमच्याकडे आजही बालगृहाला रिमांड म्हणतात आणि घराघरांत त्याची भीती घालतात. ऐकलं नाहीस तर रिमांडला टाकीन. हा मुलगा तीन आठवडे तिथे राहून आला होता. त्याच्या लक्षात एवढंच राहिलं होतं की तिथे अंथरूण ओलं झालं तर ताई नुसती चादर बदलते.

त्या रात्री मी फाइल घरी आणली आणि पहिल्यांदा सुरुवातीपासून वाचली. नंतर शाळेच्या बाई, अंगणवाडी सेविका, परिविक्षा अधिकारी आणि मी एकत्र बसलो, प्रत्येकाच्या हातातला कागद टेबलावर ठेवला आणि एका मोठ्या कागदावर नुसत्या तारखा लिहिल्या. वय, घटना, कुणी पाहिलं, कुणी काय केलं. याआधी प्रत्येक ठिकाणी हे प्रकरण पहिलंच होतं. चौकीत पहिल्यांदा आलेला बाप, दवाखान्यात पहिल्यांदा पडलेलं मूल, अंगणवाडीत पहिल्यांदा घटलेलं वजन. अकरा महिन्यांत पाच नोंदी होत्या आणि पाचही "प्रथम" म्हणून मिटवलेल्या.

यावर जगभर लिहिलं गेलं आहे. एकच सांगते. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी नात्यातल्या बाईच्या घरी छळ होऊन मेली. आदल्या जुलैत तिला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा अंगावरच्या खुणा खरजेच्या ठरवल्या गेल्या. २००३ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिलं की तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातात येऊन गेल्या. मी हे प्रशिक्षणात शिकले होते. शिकवणाऱ्यांनी सांगितलेलं वहीत उतरवलं होतं, आणि त्यानंतर मोडलेल्या हाताची चिठ्ठी न वाचता फाइलला लावली.

पुनरावृत्तीबद्दल ब्रिटनमध्येच २००६ साली सोळा अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. ज्या मुलाशी एकदा गैरवर्तन झालंय, त्याच्याशी ते पुन्हा होण्याची शक्यता इतर मुलांच्या सुमारे सहापट निघाली, आणि सगळ्यांत जास्त धोका आधीच्या घटनेनंतरच्या लगतच्या काळात. म्हणजे आपण हमीपत्र घेऊन निश्चिंत होतो, नेमका तोच काळ. आमचा एकोणिसावा दिवस त्यातच येतो. पुनरावृत्तीशी सर्वांत ठळकपणे जोडलेल्या चार गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. आधीच्या घटनांची संख्या, मारहाणीपेक्षाही दुर्लक्षाचं प्रकरण असणं, आईवडिलांमधली भांडणं आणि पालकाचं मानसिक आजारपण. आमच्या घरात चारही होत्या. चारही कुठल्या ना कुठल्या कागदावर लिहिलेल्याही होत्या.

आता मारहाणीकडे येते. आपल्याकडे मुलाला मारणं ही बातमी होत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सांगितला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. त्यामुळे चौकीतल्या हवालदारापासून माझ्यापर्यंत सगळे नकळत एकच प्रश्न विचारत होतो, मार जरा जास्त झाला का? मार कशापायी होतोय आणि पुन्हा कधी होईल, हा प्रश्न शेजारच्या तेलुगू आजींनी सोडवला.

स्टेशनवरच्या प्रकारानंतर मी त्यांच्याकडे बसले होते. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, पाणी यायच्या आदल्या दिवशी मार जास्त. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण भरलेलं असो की नसो, पूर्वभागातली बाई पाण्याच्या दिवसावर आठवडा मोजते. त्या खोलीत पाणी साठवायला एक बॅरल आणि चार घागरी. मधला रात्री अंथरूण ओलं करायचा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी गोधडी धुतली जायची. तिसऱ्या दिवशी नुसती उन्हात टाकली जायची. चौथ्या दिवशी बॅरल तळाला गेलेलं, गोधडी आंबलेली, धाकटीचे कपडे तसेच पडलेले, आणि त्या पहाटे तो पुन्हा ओला. आम्ही तारखा ताडून पाहिल्या. अंगावर मार पडल्याच्या चार दिवसांपैकी तीन दिवस पाणी यायच्या आदल्या दिवसाचे निघाले. तीन तारखांवरून नियम काढता येत नाही हे मला कळतं. म्हणून थोरलीला विचारलं. तिने हे आमच्या कितीतरी आधी हेरलं होतं.

ती म्हणाली, "बॅरल खाली गेलं की मी त्याला संध्याकाळनंतर पाणीच देत नव्हते, ताई. तो मागायचा. मी लपवून ठेवायचे तांब्या."

नऊ वर्षांच्या मुलीने भावाला मार बसू नये म्हणून काढलेला उपाय होता तो, सोलापूरच्या उन्हाळ्यात.

सहाव्या-सातव्या वर्षी अंथरूण ओलं करणं हा आजारही नाही आणि हट्ट तर नाहीच. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा मुलं झोपेत ओलं करतात. झोपेत मूत्राशय भरल्याची जाग मेंदूला अजून येत नसते, एवढंच. बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. मारलं तर ते वाढतं, कारण भीतीने झोप बिघडते आणि मूल आणखी धास्तावतं. अंथरूण ओलं म्हणून मार, मारामुळे भीती, भीतीने पुन्हा अंथरूण ओलं, असा फेरा पडला होता. तो मुलगा सहा महिन्यांपूर्वी कुठल्याही डॉक्टरपुढे या कारणाने नेला गेला असता, तर पाच मिनिटांत आईला एवढं सांगता आलं असतं.

आणि वायर. तीन हमीपत्रं झाली होती, एक चौकीतलं, एक शाळेतलं, एक समितीपुढचं. तिन्हींवर वडिलांची सही. बालगृहात समुपदेशक ताईंशी तिसऱ्या आठवड्यात मधला बोलायला लागला तेव्हा कळलं, जुलैतली वायर आईच्या हातात होती. हात वडिलांनी पिरगळला होता, वायर आईची. वर्षभर आम्ही सगळे एका माणसाकडून पुन्हा असं होणार नाही असं लिहून घेत राहिलो आणि दुसऱ्या माणसाला एक प्रश्नही विचारला नाही. ती रडत होती म्हणून. आम्ही तिला पीडित धरलं आणि ती पीडित होतीच, नवऱ्याचा मार तिच्याही अंगावर होता. पण एकाच बाईच्या अंगावर वळ असतात आणि तिच्याच हातून दुसऱ्याच्या अंगावर उठतात, हे आमच्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

धाकटीच्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली होती. जेवण जात नव्हतं, बाळ रडलं तरी हात हलत नव्हता. "भिंतीकडे बघते" ही सेविकेची नोंद तेव्हाची. मानसोपचार तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा नैराश्य निघालं. वर्षभर ती त्या अवस्थेत विड्या वळत होती, कारण विड्या वळायला बोलावं लागत नाही.

घर स्वच्छ, नीटनेटकं कसं होतं मग? थोरलीमुळे. ती पहाटे उठून नळाच्या रांगेत उभी राहायची, भांडी घासायची, धाकटीला भात कालवून भरवायची, दुपारी आईच्या शेजारी बसून विड्यांची तोंडं दुमडायची. चौथीत तिची हजेरी अर्ध्यावर आलेली. कुणी ताई घरी आली की चहा ठेवायची आणि "आता बरं हाय" म्हणायची. मी ज्या स्वच्छतेला पालकांच्या नावाने गुण दिले, ती स्वच्छता हेच त्या मुलीकडे झालेल्या दुर्लक्षाचं चिन्ह होतं. वळ दिसतात, मोडलेला हात दिसतो. नऊ वर्षांची मुलगी घर चालवतेय हे दिसत नाही, उलट कौतुकाचं वाटतं. आपल्याकडे अशा मुलीला गुणी म्हणतात. मीही म्हटलं होतं, तिच्या तोंडावर, चहाचा कप हातात घेऊन. आता घरभेटीत घर चकचकीत दिसलं की मी विचारते, हे कोण करतं?

पुढचं थोडक्यात. समितीपुढे या वेळी पाच नोंदींचा एकच कागद गेला. त्याच अधिनियमाचं कलम ७५, म्हणजे ताब्यातल्या मुलाशी क्रूरतेने वागणं, ज्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्याची बाजू कायद्याच्या वाटेने चालू आहे. तिच्याविषयी इथे लिहिणं योग्य नाही. मुलांच्या बाबतीत आम्ही घाई केली नाही. समितीची चौकशी चार महिन्यांत पुरी व्हायची असते आणि या वेळी तो वेळ पुरेपूर वापरला. भावंडांची ताटातूट पुन्हा झालीच, पण दर शनिवारी थोरली आणि मधला एका खोलीत दोन तास एकत्र असतील अशी सोय मागून घेतली. पहिल्या शनिवारी थोरलीने आल्या आल्या त्याला तांब्याभर पाणी पाजलं. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता.

आईची आई गावाकडे असते. आधीच्या अहवालात मी तिच्याविषयी "आजी वृद्ध, मजुरी करते" एवढंच लिहिलं होतं आणि तिथे गेले नव्हते. या वेळी गेले. आजी साठीची, खुरपायला जाते, दोन खोल्या, दारात हातपंप. मी अंथरुणाचं सांगितलं तर म्हणाली, "ह्याची आईबी आठ वर्सांची हुस्तवर करीत हुती." आपल्या लेकीबद्दल तिला हे ठाऊक होतं आणि लेकीला स्वतःबद्दल आठवत नव्हतं. मधला आणि थोरली आता आजीकडे आहेत, गावच्या शाळेत. बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी दरमहा २,२५० रुपयांचा आधार मिळतो. अर्ज आणि पहिली रक्कम यांच्यात बरेच महिने गेले. तोवर आजीने खुरप्यावर निभावलं. नातेवाइकाकडे मूल ठेवताना हा मधला काळच माणसाला मोडतो, म्हणून आता मी अर्ज करतानाच पहिल्या तीन महिन्यांच्या धान्याची सोय आधी बघते.

धाकटी आईकडेच आहे. हा निर्णय सगळ्यांत अवघड होता आणि अजूनही मी त्याबद्दल पूर्ण निवांत नाही. आईचे उपचार चालू आहेत, गोळ्या आजी मोजतात, म्हणजे शेजारच्या तेलुगू आजी. दर सोमवारी सेविका धाकटीचं वजन करते आणि आकडा त्याच दिवशी मला फोनवर सांगते. वर जाणाऱ्या अहवालाची वाट आम्ही दोघी बघत नाही. वडील कारखान्यातच झोपतात आणि आठवड्याचे पैसे आजींच्या ओट्यावर आणून देतात. बाईला नवऱ्याविरुद्ध घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली तक्रार करायची नाही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनेच सांगितलं की विचारू नका, मी सांगेन.

आणखी एक गोष्ट केली, सगळ्यांत स्वस्त. दोनशे लिटरचं एक जादा बॅरल, दोन गोधड्या आणि अंथरुणाखाली घालायला मेणकापड. बॅरलने मार थांबला असता असं मी म्हणत नाही. पण चौथ्या दिवसाचं ओझं अर्धं झालं असतं, आणि वर्षभर त्या घरी गेलेल्या आम्हा पाच-सहा जणांपैकी कुणीही नळाला पाणी कधी येतं हे विचारलं नव्हतं. आता माझ्या गृहचौकशीच्या पहिल्या पानावर पाण्याचा दिवस लिहिलेला असतो.

आजीकडे भिंतीवर कॅलेंडर आहे. ज्या सकाळी गोधडी कोरडी असते त्या तारखेवर मधला स्वतः पेन्सिलीने टिकली मारतो. मागच्या भेटीत त्याने मला श्रावणाचं पान उलटून दाखवलं, नऊ टिकल्या होत्या. भाद्रपदात चौदा.

दिवाळीच्या सुट्टीत तो आणि थोरली पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी आईकडे येणार आहेत. त्या आठवड्यात मी दोन भेटी धरल्या आहेत. एक आईला आधी सांगून, पाणी येईल त्या दिवशी. दुसरी न सांगता, त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी सहाला, अंथरुणं उचलायच्या आधी.